शक्य असेल तिथे आडोसा

जिनिव्हातल्या त्या सभागृहात प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास असायचा. बहुतेकांचे ग्लास पुन्हा पुन्हा भरले जायचे. माझा सकाळी ठेवला तसाच संध्याकाळी उचलला जायचा. स्वच्छतागृह दाराबाहेरच होतं, आमच्या जुन्या घराहून मोठं आणि चकचकीत. तरी घराबाहेर पडलं की पाणी प्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. ती मला आईने लावली होती.

आई रोजाने वावरात जायची. देऊळघाटजवळ आमचं गाव, गावाच्या कडेला बौद्धवस्ती, आणि वस्तीतल्या बहुतेक बायका दुसऱ्यांच्या शेतांत. शाळेला सुट्टी लागली की मीही तिच्यामागे. तूर डोक्याएवढी असली की ठीक, तिच्यात शिरलेली बाई कुणाला दिसत नाही. सोयाबीन मात्र गुडघ्याएवढं. आणि उन्हाळ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला गेलं की सगळं वावर उघडंबोडकं, धुऱ्यावर एकच बाभूळ आणि तिच्याखाली बसलेला मालक. सावली होती, आडोसा नव्हता. म्हणून बायका सकाळी कपभर चहा घ्यायच्या आणि मग थेट घरी परतल्यावरच पाण्याला तोंड लावायच्या. अगदीच कुणाला निभलं नाही, तर दोघीजणी पदर ताणून तिच्यापुढे उभ्या राहायच्या. आई म्हणायची, तहान मारता येते, लाज मारता येत नाही. लघवीला आग होणं, ओटीपोटात दुखणं, हे तिच्या लेखी दुखणंच नव्हतं. बाईचा जन्म म्हटला की हे आलंच.

मी शिकत गेले. बुलडाण्यात कॉलेज, पुढे बाहेर सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, मग दिल्लीत नोकरी, आणि एक दिवस जिनिव्हातल्या त्या समितीत नाव लागलं. उन्हात राबणाऱ्या मजुरांसाठी साऱ्या देशांना उपयोगी पडेल अशी नियमावली लिहिणारी समिती. आमच्यासारख्या काळ्यासावळ्या बायकांना अशा खोलीत बसवायला जगाने पिढ्या घालवल्या. बसवल्यावर फोटो काढायला मात्र अजिबात वेळ लावला नाही. आम्हाला ते लोक इंग्रजीत एक नाव देतात, मराठीत त्याचा अर्थ होतो 'रंगाच्या बायका'. आईला फोनवर सांगितलं तर ती खूप हसली. बाकीच्या बिनरंगाच्या हायेत काय, म्हणाली. तुझ्या नावाच्या बोर्डावर लिहून ठेव, म्हणाली.

मसुद्यात सगळं होतं. ठरावीक वेळाने विश्रांती, सावली, आणि प्यायचं पाणी. मी म्हटलं, पाणी ठेवाल, पण बाया ते पिणार नाहीत. कारण सांगितलं. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण स्वच्छतेचा विषय दुसऱ्या समितीकडे येतो. माझं डोकंच फिरलं. बाईचं शरीर काय दोन समित्यांत वाटलेलं असतं? तोंड एकीकडे आणि मूत्राशय दुसरीकडे? हे मी मोठ्याने बोलले. दुभाष्यांच्या काचेमागे कुणीतरी हसलं, समितीत कुणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत माझ्या शेजारच्या खुर्चीतली बाई माझ्याकडे वळली. सहाराच्या काठावरच्या एका देशातून आलेली, उंच, माझ्यापेक्षा वयाने मोठी डॉक्टर. आत्तापर्यंत आमचं नमस्कारापलीकडे बोलणं झालं नव्हतं. तिने माझ्या ग्लासाकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडेही?" मी तिच्या पुढ्यात पाहिलं. तिचाही ग्लास भरलेलाच होता. तिची आई भुईमुगाच्या शेतात राबत होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून भांडलो. अँडीज पर्वतातल्या एका देशाची तिसरी आमच्यात आली. ती तर आमच्याहून तिखट. हे कलम आल्याशिवाय मसुद्याला आमची संमती नाही, असं तिघींनी सांगून टाकलं. मग घोडं शब्दावर अडलं. आडोशाला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. ते सुचवत ते सगळे शब्द भिंती, छप्पर आणि नळ असलेल्या खोलीचे. मी सांगत होते की आडोसा म्हणजे खोली नव्हे. तो तुरीच्या ओळीचा असतो, पोत्याचा असतो, दोन बायकांच्या पदराचा असतो. कुणी बघणार नाही एवढी खात्री म्हणजे आडोसा. शेवटी 'खासगी जागा' अशा अर्थाचं काहीतरी बसलं. भाकरीला भाजलेलं पीठ म्हणावं तसं ते. आणि त्याच्यापुढे कुणीतरी तीन शब्द जोडले: शक्य असेल तिथे. त्या तीन शब्दांवर आम्ही पुन्हा भांडलो आणि हरलो. बाकी कलम राहिलं.

संध्याकाळी आईला फोन केला. आडोसा जगाच्या नियमात घातला, म्हटलं. ती म्हणाली, "कोन बांधनार हाय तो?" सरकारं बांधतील, मालक बांधतील, असं मी काहीबाही सांगत राहिले. बरं केलं, म्हणाली, बायाइले सांगतो. पण तिचा आवाज ओढलेला होता. भावाने फोन घेतला आणि सांगितलं की आईच्या पायांवर आणि तोंडावर सूज आली आहे.

बुलडाण्यात तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मी डॉक्टरांना फोनवर कारण विचारलं. ते म्हणाले, रक्तदाब असेल, अंगदुखीच्या गोळ्या असतील, वर्षानुवर्षं अंगावर काढलेला लघवीचा जंतुसंसर्ग असेल. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मला ठेवता येत होतं. ज्या रोगावर मी परदेशात कलम लिहीत होते, तो माझ्या घरात कधीचा येऊन बसला होता. वरातीमागून घोडं म्हणतात, ते माझंच होतं.

मी रजा घेऊन गावी आले. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. शरीरातून ते बाहेरच पडत नव्हतं. जास्त प्यायलं तर छातीत साठलं असतं. घरातल्या भांड्यांतली सगळ्यात छोटी वाटी तिच्यासाठी निघाली. ती वाटी मी माझ्या ताब्यात ठेवली, कारण भावाला आईला नाही म्हणता येत नव्हतं.

मार्च-एप्रिलचं ऊन. पत्रे तापलेले. आई खाटेवर पडून माठाकडे बघत राहायची. खाटेपासून चार पावलांवर नवं न्हाणीघर आणि संडास, पांढऱ्या फरशीचा, आतून कडीचा. एका दुपारी तिने माझा हात धरला. ती कधी काही मागायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "आता तं घरातच हाय ना सारं. मंग काऊन नाई देत वं पानी?"

मला तिला समजावता आलं नाही. जगभरच्या लोकांना मी पटवून आले होते. ओला कापूस तिच्या ओठांवर फिरवला. तिने तो चोखला. मी तोंड फिरवून रडले आणि तिने ते पाहिलं. त्यानंतर तिने पुन्हा मागितलं नाही. ती मागत राहिली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मृग लागायच्या आधीच आई गेली. सहाराकाठच्या मैत्रिणीचा फोन आला. ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली आणि मी ऐकत राहिले.

भावाने नातेवाइकांना निरोप पाठवला: अमुक दिवशी जलदान विधी. आमच्यात मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला हेच म्हणतात. लहानपणापासून हा शब्द कानावर होता. त्यात पाणी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

विधीला वस्तीतल्या बाया वावरातून लवकर सुटून आल्या होत्या. दारातच पाण्याची कळशी होती. मी एकेकीला विचारलं. नको, म्हणाल्या, आता घरीच जाऊन पिऊ. भंतेजींनी गाथा सुरू केल्या आणि माझ्या हातात तांब्या दिला. परातीत वाटी ठेवली होती, ती भरून वाहेपर्यंत पाणी सोडायचं. मी धार सोडली. वाटी भरली, पाणी परातीत उतरलं. गाथा संपल्या. पुरे झालं, भाऊ म्हणाला. मला ऐकू येत होतं. पण आईला द्यायचं पाणी आता मला मोजायचं नव्हतं, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत मी हात सरळ केला नाही.