मागं पाच

अंधाराची भीती मला लहानपणी कधी वाटली नाही. ती वाटायला लागली ऐन पंचविशीत, आणि ज्याला सांगायला जावं तो हसायचा. पोरानं भ्यावं ते ठीक, पण मिशा फुटलेल्या बाप्यानं भ्यावं, म्हणजे झालीच की करमणूक!

आई-वडील गेल्यावर मी अक्काकडं राहायला आलो. अक्का माझी थोरली बहीण. तिचं गाव सोलापूरपासून अडीच कोसांवर, अक्कलकोटच्या रस्त्याला. दाजी, म्हणजे तिचा नवरा, शहरातल्या एका गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. त्यांनीच साहेबाच्या हातापाया पडून मला तिथं कारकुनाच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या घरात राहायचं, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचं आणि त्यांच्याच शब्दावर नोकरी करायची. अशा माणसाला वर तोंड करून बोलायचं कसं? शिवाय बहिणीचा नवरा. आमच्याकडं दाजीनं मेव्हण्याची कितीही टिंगल करावी, मेव्हण्यानं मान खाली घालून हसावं, ही रीतच होती.

आमच्या गावचे सहा जण सायकलीनं गिरणीत जायचे. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट ही. सायकली तिसऱ्या-चौथ्या हातच्या, पण गावात तेवढ्याच, त्यामुळं ऐट मोठी होती. आमच्यात मुकादम वयानं मोठा. गिरणीतही मुकादम आणि रस्त्यावरही. थंडीच्या दिवसांत गिरणी सुटेपर्यंत दिवस बुडालेला असायचा. शहराबाहेरच्या नाक्यावर शिपाई उभा असायचा, बत्ती नसली की सायकल अडवायचा. म्हणून नाक्यापर्यंत सहाच्या सहा बत्त्या पेटलेल्या. नाका ओलांडला की मुकादम म्हणायचा, "हं, फू करा." की पाच जण वाकून आपापली बत्ती फुंकायचे. पुढच्याची तेवढी चालू. त्या एका बत्तीमागं बाकीचे पाच, एकामागं एक, अंधारात. पुढं राहायची पाळी आठवड्याला बदलायची. शेपटाला मात्र नेहमी दाजी. त्यांची सायकल जड होती आणि त्यांना मागं राहून भजन म्हणत यायला आवडायचं. आवाज गोड होता त्यांचा. रॉकेल वाचतं म्हणून हे चालायचं असं नाही. पाठीमागं बत्ती असली की आपलीच सावली आपल्या पुढं नाचते, खड्डा आहे की सावली कळत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. मीही वर्षभर मुकाट्यानं फू करत आलो होतो.

मग त्या मार्गशीर्षात एक दिवस माझी सायकल शहरात दुरुस्तीला पडली होती. मी रजेवर होतो. संध्याकाळी सायकल आणायला म्हणून पेठेला निघालेल्या एका बैलगाडीत बसलो. भुईमुगाची पोती होती, त्यांवर पाय सोडून गाडीवानाशेजारी बसलो. गाडीवान अक्कलकोटकडचा, कानडी. मराठी मोडकी बोलायचा, पण माणूस जागा, शहाणा, बिडीसुद्धा न ओढणारा. हे मुद्दाम सांगतो, कारण गाडीवान झोपलेले असतात असं पुढं जो तो मला ऐकवायचा.

दिवस बुडून थोडाच वेळ झाला होता. चंद्र नव्हता. समोरून एक बत्ती हलत येताना दिसली. रस्त्याच्या मधोमध तेवढी खडी घट्ट, कडेला नुसता फुफाटा. भरल्या गाडीचं चाक कडेला उतरलं की बैलांचा जीव जातो. तरी त्या भल्या माणसानं बैल कडेला घेतले. बत्ती जवळ आली, गेली. आमचा मुकादमच होता. मी हाक मारणार, तोवर गाडीवान म्हणाला, "गेली सायकल," आणि त्यानं शेपूट पिळून बैल परत मधोमध घेतले.

आणि अंधारातून ते आले. पहिला सर्रकन गेला. दुसऱ्यानं "ए, ए!" केलं. तिसऱ्याचं हँडल चाकाला घासलं, लोखंड किरकिरलं. गाडीवान दचकून उभाच राहिला. मी पोत्याला धरून पुढं वाकलो. शेवटी भजन ऐकू आलं. दाजी. जुवाचं टोक त्यांच्या छातीपासून हातभरावरून गेलं असेल, जास्त नाही. त्यांनी ते बघितलंच नाही. भजनाची ओळसुद्धा तुटली नाही. डोलत डोलत गेले.

गाडीवान परत खाली बसला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "एक दिवा, एक सायकल. आमी काय समजायचं, सायेब?" अक्काला सातवा महिना होता. पहिली दोन पोरं तिची गेली होती. दाजींना काही झालं तर ही बाई उभी राहणार नाही, एवढं मला त्या पोत्यांवर बसल्या बसल्या लख्ख कळलं.

अक्काला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळ्यांना गाठलं.

"नाक्याच्या पुढं बत्त्या इझवायच्या न्हाईत," मी म्हणालो. "सगळ्यांनी लावायच्या. काल मी गाडीवरनं बघितलंय. गाडीवानाला एकच बत्ती दिसती. ती गेली की तो गाडी मधी घेतो. तुमी मरता मरता वाचलाय."

"गाडीवानाला डोळं न्हाईत व्हय?" मुकादम भाकरी मोडत म्हणाला.

"अंधारात कुटले डोळे? तुमी त्याला दिसतच न्हाई!"

"इतकी वर्सं जातोय, काय झालंय का? आन सावली नाचती त्याचं काय? खड्ड्यात जाऊ का तुज्यासाठी?"

दाजी गालात हसत होते. "पाव्हणं," ते म्हणाले, "गाडीवर भूतबित बघितलं की काय? लिंबू उतरून टाकायला सांगू का तुमच्या अक्काला?"

झालं. सगळे खो खो हसले. मी मान खाली घातली. रीत!

पण भीती काही खाली बसेना. मग मी एक उपाय काढला. म्हणालो, बत्तीची पाळी मला द्या, रोज मीच पुढं राहतो. ते काम कुणालाच नको असायचं, तेव्हा आनंदानं दिली. समोरून गाडी आली की मी जवळ जाऊन मोठ्यानं ओरडायचो, "मागं पाच! हिंदे ऐदु!" मराठीत आणि कानडीत, दोन्ही. ऐकून गाडीवान बैल कडेलाच धरून ठेवायचे. मग मी मान न वळवता कान देऊन ऐकायचो. खडखड एक, दोन, तीन, चार. मग भजन. भजन गाडी ओलांडून आलं की दाजी मागून ओरडायचे, "आलो रं!" वाटेत रोज सात-आठ गाड्या. घरी पोचायचो तेव्हा थंडीतही सदरा घामानं भिजलेला असायचा. अक्का विचारायची, "एवढं काय पळत येता रं?" मी म्हणायचो, वारा होता.

आता हसण्यासारखंच होतं म्हणा ते. गिरणीत कळायला कितीसा वेळ लागणार? मी हजेरीचं पुस्तक घेऊन खात्यात शिरलो की साच्यांच्या खडखडाटातून कुणीतरी ओरडायचं, "मागं पाच!" दुसरा म्हणायचा, "हिंदे ऐदु!" पाणी प्यायला गेलो तरी तेच. मी दात खाऊन सोसलं. एकदा दोघांच्या अंगावर धावूनही गेलो. पण दाजी त्यांच्यात नव्हते, एवढं समाधान होतं.

मग तेही झालं. अमावास्येच्या आदल्या दिवशी, गिरणी सुटताना, फाटकापाशी पाच-पन्नास माणसं उभी होती. दाजींनी डोक्याला टॉवेल बांधला, सायकलवर बसल्यासारखे गुडघे वाकवले आणि बायकी आवाज काढून, थरथर कापत, "मागं पाच गं बाई, मागं पाच!" करत सगळ्यांच्या मधून चालत गेले. लोक पोट धरून हसले. मुकादमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ज्यांच्यासाठी रोज मरत होतो ते माझीच नक्कल करत होते!

मी रीत विसरलो. सरळ पुढं जाऊन म्हणालो, "दाजी, आजपासनं माझं तोंड बंद. तुमचं तुमी बघा."

"बरं झालं की," दाजी हसत म्हणाले. "कानाला इसावा."

निघालो. नाका ओलांडला. मुकादम म्हणाला, "फू करा." पाच बत्त्या विझल्या. मी पुढं. संताप असा, की पायडल मोडेल इतक्या जोरात मारत होतो. समोरून वारा होता. पहिली गाडी रिकामी होती, ती आपणच कडेकडेनं चालली होती. मी गप्प बसलो. खडखड चार गेले, भजन आलं. काही झालं नाही. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

दुसरी गाडी ओढ्याच्या मोरीअलीकडं आली. भरलेली. बत्तीच्या उजेडात बैलांचे डोळे चमकले. गाडीवानानं हॅक हॅक करून बैल कडेला घेतले, चाक फुफाट्यात उतरलेलं ऐकू आलं. माझं तोंड सवयीनं उघडलं होतं. मी ते मिटलं. ओरडणार नाही. एकदा नुसतं घासून जाऊ दे त्यांना. दाजींना एकदा कळू दे भीती म्हणजे काय असते. हे मी मनाशी म्हणालो. शब्दनशब्द असाच म्हणालो. त्याला आता चाळीस वर्षं होत आली, पण त्यात फेरफार करायची सोय नाही.

गाडी माझ्याशेजारून गेली. मग मागं चाक खडीवर चढल्याचा आवाज झाला. तो आवाज मी त्या दिवशी पोत्यांवर बसून ऐकला होता. अंगातला संताप एका क्षणात उतरला आणि मी मान वळवून जीव खाऊन ओरडलो, "मागं पाच! हिंदे ऐदु! थांब, अरे थांब!"

खडखड चार गेले. भजन मधेच तुटलं.

बत्ती घेऊन धावलो तेव्हा दाजी चाकाखाली होते. उजवा पाय गुडघ्याखाली चाकाच्या लोखंडी धावेनं चिरडला होता. गाडीवान स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता आणि तेच म्हणत होता, एक दिवा, एकच दिवा होता. कुणीही त्याला शिवी दिली नाही. पोती खाली ओढली, दाजींना त्याच गाडीत घातलं आणि शहराकडं वळलो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाक्याजवळ आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"तू वरडलास," ते म्हणाले. "एवढं बोललो मी, तरी वरडलास. मी ऐकलं की. समोरनं वारा हुता, गाडीवानाला न्हाई गेलं."

मी ओरडलो ते गाडी गेल्यावर, हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत राहिलो.

सरकारी दवाखान्यात पाय कापला. जीव वाचला. दुसऱ्या दिवशीपासून नाक्यापुढं कुणी फू केलं नाही, सावल्या नाचल्या तर नाचल्या. मुकादम जो भेटेल त्याला सांगायचा, "ह्यो सांगत हुता रं, आमी हसलो." गिरणीत कुणी ते शब्द परत काढले नाहीत. अक्काचं बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिनं पोरीला माझ्या हातात दिलं आणि तिला म्हणाली, "ह्यो तुजा मामा. तुज्या बापासाठी घसा फोडून वरडला हुता ह्यो." तेव्हाही मी बोललो नाही.

साच्यापुढं उभं राहायला दोन पाय लागतात. दाजींची गिरणी सुटली ती सुटलीच. शेतीचा तुकडा आणि माझा पगार, एवढ्यावर घर चाललं. ते कधी कुरकुरले नाहीत, हेच तर! संध्याकाळ झाली की कुबडी घेऊन वेशीच्या कट्ट्यावर येऊन बसायचे, शेजारी कंदील. आमच्या बत्त्या लांबून दिसल्या तरी त्यांना मोजायच्या नसायच्या. मी कट्ट्याजवळ आलो की ते हसत हाक द्यायचे, "पाव्हणं, मागं किती?"

पूर्वी शेपटाला ते असायचे. आता ते कट्ट्यावर होते, आणि उत्तराची वाट बघत होते.

"मागं चार, दाजी," मी ओरडून सांगायचो. रोज.