दहा मिनिटांचं आकाश

विमानाची घरघर कानावर आली की लोक अंगणात धावतात. मी उठून घरात जातो. पेन्शन घेऊन दोन वर्षं झाली, तरी सोलापूरचं ते प्रकरण मला स्वस्थ बसू देत नाही. नावं लिहीत नाही. माझंही नाही.

तीस साली शहरात लष्करी कायदा लागून गेला होता आणि आम्हा पोलिसांना प्रत्येक पाकिटात बॉम्ब दिसत होता. मी तेव्हा फौजदार होतो. एका शुक्रवारी खबऱ्याने सांगितलं, की एका शाळामास्तरांना मुंबईहून सारखी पाकिटं येतात आणि तेही आठवड्याला पाच-सहा धाडतात. दुपारी पंच घेऊन झडती घेतली. ट्रंकेत चहाच्या पुड्यांचे कागद, साबणाची वेष्टनं, कंपन्यांची पत्रं आणि एक वही निघाली. वहीत यादी होती : बंदरावरचं दीपगृह, आतून. रेल्वेचं इंजिन, ड्रायव्हरशेजारी उभं राहून. धरणाचे दरवाजे. विमान.

आमच्या जमादारांनी ती दोनदा वाचली. "लई नामी यादी हाय, साहेब. देवाधर्माचं येक बी ठिकाण न्हाय हिच्यात."

उडवून द्यायच्या ठिकाणांचीच यादी ही, असं मी धरून चाललो. वहीत एक पासही होता. चहाच्या पुड्याचा कागद जोडून चहाच्या स्तुतीच्या दोन ओळी पाठवायच्या, अशी एका कंपनीची स्पर्धा होती. तिचं बक्षीस म्हणजे रविवारी सकाळी आठ वाजता शहराबाहेरच्या माळावरून विमानाची दहा मिनिटांची फेरी. पासावर नाव नव्हतं. आणील त्याचा पास. तो मी जप्त केला आणि मास्तरांना कोठडीत घातलं.

शनिवारी जबानी घेतली.

"साबणवाल्यांनी बक्षीस दिलेलं घड्याळ परत का पाठवलंत?"

"घरात एक आहे, साहेब."

"आणि त्याऐवजी दीपगृह दाखवा म्हणून लिहिलंत?"

"मागून बघितलं. दाखवलं तर दाखवलं."

"दीपगृह बघून काय करणार होतास?"

"बघितलं, असं होईल."

"मला उत्तर पाहिजे!"

"हेच उत्तर आहे. पोरांना भूगोल शिकवतो मी. नकाशावर बोट ठेवून समुद्र म्हणतो. पाहिलेला नाही."

मी थोबाडीत मारली. डायरीत तिची नोंद नाही. खोटं बोलणारा माणूस आपलं बोलणं पटतंय का, हे आमच्या चेहऱ्यावर शोधतो. मास्तर खिडकीबाहेर बघत बोलत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं.

संध्याकाळी मुंबईच्या पोलिसांची तार आली. कंपन्या खऱ्या, स्पर्धा खऱ्या, माणसाविरुद्ध काही नाही. मास्तरांना ते सांगितलं तेव्हा ते गजाला धरून उभे राहिले.

"मग उद्या आठ वाजता, साहेब. पास आपल्याकडेच आहे."

"आमचे मोठे साहेब मोडनिंबला मुक्कामाला आहेत. त्यांच्या हुकमाशिवाय सोडता येणार नाही."

ते खोटं होतं. सोडायचा अधिकार मला होता. जमादारांना ते ठाऊक होतं. बाहेर येऊन म्हणाले, "सोडा की त्येंना. मी सोबत जातो. पळालं तर मला आत घाला."

"तुमचं काम करा."

खरं कारण आज लिहितो. पास माझ्या टेबलाच्या खणात होता आणि दिवसभरात मी तो चार वेळा काढून पाहिला होता.

रविवारी मी माळावर गेलो. 'पास खरा की खोटा याची खातरजमा करण्यासाठी' असं डायरीत लिहिलं. वैमानिकाने पास घेतला, मला कातडी टोपी आणि चष्मा दिला. मी वर गेलो.

साडेआठच्या सुमारास परत येऊन मास्तरांना सोडलं. सामानाची पावती पुढे केली. वही होती, पैशाचं पाकीट होतं, पास नव्हता. त्यांनी वर पाहिलं. चष्म्याचे लाल वळ माझ्या डोळ्यांभोवती तसेच होते. विमानाचा आवाज त्यांनीही कोठडीत ऐकला असणार. मी वाट पाहिली, की आता शिवी देतील, अर्ज करीन म्हणतील. ते टेबलावर थोडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तळं कसं दिसतं हो वरून?"

"सही करा," मी म्हणालो.

त्यांनी सही केली आणि गेले. पुढच्या वर्षी चौकशी केली, तर बदली घेऊन मैंदर्गीकडे गेल्याचं कळलं. स्पर्धा सुटल्या होत्या म्हणे. चोराला माल परत करायला लावता येतो. मी घेतलेलं परत करायची सोय कुठल्याही कलमात नव्हती. एवढं मात्र होतं, की त्या टेबलाशी दोन वाक्यं बोलता आली असती. गुन्हेगारापेक्षा मी त्या माणसाला जास्त घाबरलो. नोकरीत शिकलो म्हणायचं तर एवढंच, की ज्याला वस्तू नको असतात तो आपल्याला संशयित वाटतो आणि मग त्याला हवं असलेलं आपल्यालाच हवंसं होतं.

मास्तर, तळं वरून करडं दिसतं. देऊळ मधोमध, हातात धरावं एवढं. गिरण्यांच्या चिमण्या उंच वाटतच नाहीत. सकाळच्या उन्हात त्यांच्या सावल्या मात्र पार वस्त्यांवरून गेलेल्या असतात. किल्ल्याचे बुरूज मोजता येतात. विमान वळलं की जमीन भिंतीसारखी उभी राहते. तुमच्या शाळेची कौलं दिसली. ठाणंही त्याच बाजूला होतं. तिकडे मी बघितलं नाही.