मावशींचं नाक

मावशी आमच्या वृद्धाश्रमात कामाला आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी साबणाच्या कारखान्यात वास तपासायचं काम केलं होतं. वडी नाकाशी धरायची आणि पास की नापास ते सांगायचं. कारखाना बंद पडला, नाक तेवढं शाबूत राहिलं. मी ड्यूटीवर आले की त्या जिन्यातूनच ओरडायच्या, "काय गं, आज कांदा चिरून आलीस वाटतं!"

वरच्या मजल्यावर स्मृतिभ्रंश झालेले चौदा जण होते आणि मी तिथली नर्स. चार वाजता उन्हं उतरायला लागली की अख्खा मजला बिथरायचा. कुणी कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी बसायचं, कुणी उगाच रडायचं. सगळ्यांत वाईट हाल हेडसरांचे. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. "पोरं अडकलीत, फाटक उघडा!" असं किंचाळत ते दारावर मुठी आपटायचे. अडवायला गेलं की बोचकारायचे. गोळी द्यावी तर दुसऱ्या दिवशी झोकांड्या खायचे.

लॅव्हेंडरच्या सुगंधी तेलानं मन शांत होतं, हे मावशींनीच काढलं. आश्रमात येणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुण येईलच असं नाही, पण करून बघायला हरकत नाही." मोठा चमचाभर बदामाचं तेल आणि त्यात दोन थेंब, असं प्रमाण त्यांनी लिहून दिलं. मग रोज साडेतीनला मावशी सरांसमोर स्टूल घेऊन बसायच्या, त्यांचा हात आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि तळव्यापासून मनगटापर्यंत सावकाश चोळायच्या.

"सर, हजेरी झाली का?"

"झाली."

"गैरहजर किती?"

"वर्गात बोलायचं नाही!"

आम्हाला हसू आवरायचं नाही. पण महिन्याभरात सरांचा आरडाओरडा निम्म्यावर आला आणि डॉक्टरबाईंनी गोळी कमी केली. मग मावशी इतरांचेही हात चोळू लागल्या.

तिसऱ्या वर्षी माझं डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं, जागरणाचं असेल. मग लक्षात आलं, मजल्यावर पाऊल टाकलं की दुखतं. जिन्यापर्यंत वास भरून राहिलेला असायचा.

"मावशी, तेल जरा जास्त होतंय का?"

"जास्त? अगं, बाटलीच बेकार आहे. पाणी घालून विकतात मेले."

नवी बाटली मागवली. तीही बेकार निघाली. तिच्यानंतरचीही. एका दुपारी मी दारातून पाहिलं, मावशी थेंब मोजतच नव्हत्या. बाटली वाटीत उपडी केली, वाटी हुंगली, पुन्हा उपडी केली. मी तेव्हाच आत जायला हवं होतं. पण एवढ्या अनुभवी बाईला मी काय शिकवणार, असं म्हणून गप्प बसले. ते मला अजून खातं.

सरांच्या हातांवर लाल चट्टे उठले. ते आम्ही नव्या साबणावर ढकलले. दोन दिवसांनी मावशींनी हात धरताच सर हिसडा देऊन उठले आणि ठसका लागून ओरडायला लागले, "धूर! पोरांना बाहेर काढा, धूर झालाय!" ते धावत जाऊन दारावर आदळले. भुवईवर तीन टाके पडले.

टाके घालून झाल्यावर मी मावशींना स्वयंपाकघरात नेलं. त्यांना डोळे मिटायला सांगितले, कॉफीचा भरलेला डबा उघडला आणि त्यांच्या नाकाशी धरला.

"काय आहे, सांगा."

त्या कितीतरी वेळ हुंगत राहिल्या.

"रिकामा डबा," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी आत पाहिलं आणि डबा माझ्या हातातून घेऊन पुन्हा हुंगला.

"माझी मोठी बहीण," त्या म्हणाल्या, "सुरुवातीला काहीच विसरत नव्हती. नुसतं म्हणायची, हल्ली साबणाला वास येत नाही. मी चेष्टा करायचे. कारखान्यातल्या चांगल्या वड्या आणून द्यायचे. दोन वर्षांनी मला म्हणाली, बाई, तुम्ही कोण?"

डॉक्टरबाईंनी समजूत घातली. वास जायला शंभर कारणं असतात. वय असतं, सर्दी असते, कारखान्यातली भुकटी असते. लगेच नको ते मनात आणू नका, सहा महिन्यांनी नीट तपासू.

बाटल्या कुलपात गेल्या. चट्टे बरे झाल्यावर सरांचा हात मी घेतला, नुसत्या बदामाच्या तेलानं. मावशी मागे उभ्या राहून शिकवायच्या, "दाबू नकोस. हात नुसता जड ठेव. त्यांच्या श्वासाबरोबर चाल." सर पूर्वीइतके नाही, पण शांत व्हायचे. एकदा तसंच शिकवताना त्या म्हणाल्या, "मला झालं तर माझ्यावर ते महागडं तेल घालवू नकोस. हात तेवढा धर."

"काहीतरी अभद्र बोलू नका," मी डाफरले.

पण माझी नजर त्यांच्यावरून हलेना. एकदा त्या कपड्यांच्या खोलीत चादर हातात घेऊन उभ्या दिसल्या. "कशाला आले होते, काय माहीत!" म्हणून हसल्या. मीही हसले. असं माझंही होतं. पण आता त्यांच्या प्रत्येक विसरण्याला मी दचकायचे आणि मी दचकले की ते त्यांना कळायचं.

सहा महिन्यांनी त्यांच्यासोबत डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मीच गेले. डॉक्टरबाईंनी तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तीन शब्द ऐकवले आणि पाच मिनिटांनी विचारले. चमचा, खिडकी, बैल. मावशींनी दोन सांगितले. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं, "पुष्कळांचा एखादा राहतो," म्हणाल्या आणि मेंदूच्या तपासणीची चिठ्ठी दिली.

परत येताना बसमध्ये मावशी खुशीत होत्या. "बघ, चमचा आणि खिडकी. फटकन सांगितलं की नाही?"

"हो," मी म्हणाले. "आता आठवतोय का तिसरा?"

"तिसरा कुठला?" मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "दोनच तर विचारले होते."

मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.