मामांचे पोहे आणि गोरखगड

माझ्या मामेसासऱ्यांइतका गोड नकार देणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. डोंबिवलीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवलं, पण 'मुलीने तुला नापसंत केलं' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. "मुलीकडची माणसं जरा चिकट आहेत रे, तुझ्यासारखा दिलदार मुलगा तिथे गुदमरेल," असं ते सांगायचे, आणि नाकारलेला मुलगा आपणच स्थळ नाकारून आल्याच्या तोऱ्यात जिना उतरायचा. पुढे लोक मोबाइलवरच लग्नं जमवायला लागले, केंद्र बंद पडलं आणि मामांनी तरुणपणीचा डोंगरांचा नाद पुन्हा धरला. आता ते अधूनमधून एखाद्या रविवारी ओळखीपाळखीच्या लोकांना सह्याद्रीत घेऊन जातात. पण जित्याजागत्या माणसाला डोंगर लावून द्यायचा म्हणजे तेही स्थळच! कुणाला कुठला गड झेपेल, कुणाच्या अंगात किती मस्ती आहे, कोण वेळेला घाबरेल, हे बघितल्याशिवाय मामा कुणाला सोबत नेत नाहीत. मामी म्हणतात, "आधी लोकांची मनं मोडायची, आता पाय मोडतील. एवढाच काय तो धंद्यात फरक."

हे बघणं व्हायचं आदल्या संध्याकाळी, मामांच्या घरी, कांदेपोह्यांवर. नव्या माणसाला वाटायचं, काय अगत्य आहे! त्याला बिचाऱ्याला कल्पनाच नसायची की त्याची परीक्षा सुरू झालेली आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दार उघडल्या उघडल्या मामा पूर्ण नाव, गाव आणि आडनावाचा इतिहास विचारायचे, आणि उत्तर देताना माणूस कुठे श्वास घेतो ते ऐकायचे. मग सगळ्यांना जमिनीवर बसवायचं. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि रंगात आलेल्या गप्पांत मामा एकदम म्हणायचे, "चला, बशा आत नेऊन ठेवा." हात न टेकता जो उठला त्याचे गुडघे पास. शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात. तिथे एक लाकडी स्टूल आहे, त्याचा एक पाय लंगडा. "जरा तो वरचा शेवेचा डबा काढ ना," असं सांगून मामा दाराशी उभे राहायचे. जो आधी स्टूल हलवून बघतो, त्याला कातळ चढायची परवानगी. जो दुसऱ्याला धरायला बोलावतो, तो त्याहून शहाणा. आणि जो धाडकन वर चढतो, त्याची मामा फार काळजी घेतात; म्हणजे त्याला पुढे जाऊच देत नाहीत.

आमच्या घोडबंदरच्या ऑफिसातला एक मुलगा मी एकदा तिथे नेलेला. जिमचे दंड, बाहेरून मागवलेले बूट. "मामा, आपण रोज शंभर किलो मारतो. कुठचा पण गड बोला!" तो स्टुलावर असा चढला की डब्यासकट मामींच्या अंगावर आला. शेव आठवडाभर सापडत होती. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यासारखा ताकदीचा माणूस मला मागे हवा. पुढे काय, कुणीही चालतं." दुसऱ्या दिवशी माहुलीवर तो सगळ्यांत शेवटी, दोन जाडजूड काकूंच्या मागे, त्यांचं पाणी उचलून चालला, आणि सोमवारी ऑफिसात सांगत सुटला, "अरे, मामाने मला रिअर गार्ड ठेवलेला!"

माझी पाळी आली तेव्हा मी लग्न होऊन नवीनच होते. आंबिवलीच्या आमच्या चाळीत पदवी घेणारी मी पहिली, बी.कॉम., फर्स्ट क्लास. परीक्षेत नापास होण्याची मला सवय नव्हती. ऑफिसात मी आधीच सांगून बसले होते की या थंडीत मी गोरखगड करणार. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा मला माझं नवं आडनाव आठवेना, आणि बशी घेऊन उठताना तर मी सरळ नवऱ्याचा खांदा धरला. मामा विचारात पडल्यासारखे छताकडे बघत राहिले.

"सूनबाई, गोरखगड म्हणजे जरा आडमुठं स्थळ आहे गं. माणसाचा मान ठेवत नाही. तुला मी दुर्गाडी सुचवतो. खानदानी, इतिहास मोठा..."

"मामा, दुर्गाडीच्या पायथ्याशी रिक्षा थांबते!"

"तेच म्हणतो मी. सोयीचं स्थळ."

"मला सरळ सांगा ना, नापास."

"छे! तू कसली नापास? गडच तुझ्या लायकीचा नाही."

मी गेले दुर्गाडीला, चडफडत. मग ऑफिसची लिफ्ट सोडली, घरी जेवायला जमिनीवर बसायला लागले, आणि पुढच्या थंडीत मामींच्या स्वयंपाकघरात त्या स्टुलाखाली वर्तमानपत्राची घडी सारली, नवऱ्याला हाक मारली, "अरे ये, धर जरा," आणि डबा काढून मामांच्या हातात दिला. मामांचा चेहरा असा फुलला, जसं काही मुलीकडून होकार आला! "जुळलं!" ते ओरडले. "उद्या गोरखगड!"

त्या आनंदात पोह्यांची आणखी एक फेरी झाली, आणि तेव्हा मी ते बघितलं. "चला, बशा ठेवा," म्हणून मामांनी सगळ्यांना उठवलं आणि स्वतः बसून राहिले. "तुम्ही व्हा पुढे." सगळे आत गेले. मी पदर सावरायला मागे राहिलेली. मामांनी बशी खाली ठेवली, एक हात जमिनीला लावला, मग दुसरा, आणि तरी उजवा गुडघा उठेना. शेवटी भिंतीला धरून ते उभे राहिले, आणि वळले तर समोर मी.

गोरखगडाला शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधल्या एका अवघड पायरीवर मामा स्वतः उभे राहतात आणि एकेकाला हात देऊन वर घेतात, हे मी सगळ्यांकडून ऐकलेलं. उद्या त्या पायरीवर हा गुडघा असणार होता, आणि त्याच्या भरवशावर आम्ही सगळे. आतून मामींच्या हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी तशी फटकळ आहे. पण त्या वेळी मला सरळ शब्द सापडेनात. मग मामांचेच घेतले.

"मामा, गोरखगड आता तुमच्या लायकीचा राहिला नाही."

त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला.

"फार बदललंय ते स्थळ. नुसते सेल्फीवाले. तुमच्यासारख्या जुन्या माणसाचा तिथे मान राहायचा नाही."

मामा मिशीतल्या मिशीत हसले. "माझाच माल मलाच विकतेस होय गं?" मग हळूच म्हणाले, "दुसरं काही आहे का बघण्यात?"

"दुर्गाडी," मी म्हटलं. "खानदानी आहे."

दुसऱ्या दिवशी गोरखगडावर कुणीच गेलं नाही. मामांनी सगळ्यांना सांगितलं, "गडाकडून अजून निरोप नाही." आम्ही दुर्गाडीवर गेलो, खाडीकडे तोंड करून बसलो, मामींनी आणलेल्या चकल्या खाल्ल्या. पुढे महिनाभराने माझ्या नवऱ्याने त्या पायरीवर उभं राहायचं शिकून घेतलं आणि मी गोरखगड चढले. मामा पायथ्याच्या गावात खुर्ची टाकून बसलेले. उतरल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "गड माझ्याबद्दल विचारत होता का?"

"मामा कुठेत, मामा कुठेत, करत होता," मी म्हटलं.

पोह्यांचा कार्यक्रम अजून होतो. स्टूल अजून लंगडंच आहे. फक्त मामा हल्ली पोहे उभ्याने खातात, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून. म्हणतात, सगळ्यांवर नीट नजर राहते. मी मात्र "बशा ठेवा" झालं की मुद्दाम जमिनीला हात टेकून उठते, अगदी सावकाश. मामांच्या ते बरोबर लक्षात येतं.

"नापास!" ते दारातून ओरडतात, आणि तेवढ्यापुरता त्यांचा गुडघा दुखायचा राहतो.