दिनेशने चालू ठेवलेला संगणक

दिनेश गेल्याचं मला पनवेलच्या मासळी बाजारात कळलं. त्याच्या गावची, बेलपाड्याची एक ओळखीची बाई कोलंबी पिशवीत भरता भरता म्हणाली, "तुमचा दिनेश गेला, तुमाला म्हाईत नाय? पंधरा दिस झाले." झोपेतच गेला. चाळिशीही गाठली नव्हती. दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो, मग मला कोण कळवणार होतं...

नवीन पनवेलला एका छोट्या कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. फाइली डिस्कऐवजी संगणकाच्या मेमरीत ठेवणारी प्रणाली मी लिहिली होती. काम झपाट्याने व्हायचं, पण संगणक बंद झाला की सगळं पुसलं जायचं. त्या फाइलींची मांडणी शाबूत आहे ना, हे तपासणारा प्रोग्राम दिनेशचा. माणूस भारी चिवट. संगणक बरेच दिवस चालू राहिला की त्याचा प्रोग्राम एकच तक्रार करायचा: मेमरीतली एकच जागा दोन फाइलींना दिली गेली आहे. एका खोलीत दोन भाडेकरू, तसं. मी म्हणायचो, "बंद करून चालू कर, जातंय ना?" तो म्हणायचा, "अरे, बंद केलं की चूकच पुसली जाते. मग तुला दाखवू काय?"

एकदा त्याने तीन आठवडे संगणक चालू ठेवला. तक्रार आली, तसा तो सगळ्यांना बोलवायला गेला... आणि तेवढ्यात मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. लोक जमले, प्रोग्राम म्हणाला, सगळं ठीक. लोक हसले. मीही हसलो. आपल्या हातून अशी चूक होईल हे मला मानायचंच नव्हतं. पुढच्या महिन्यात दिनेशने नोकरी सोडली. जाताना साहेबांकडून माझी प्रणाली असलेला एक जुना संगणक मागून नेला.

बाजारातून मी तसाच बेलपाड्याला गेलो. त्याच्या आईने मला त्याच्या खोलीत नेलं. इन्व्हर्टरवर तो संगणक चालूच होता. "बंद करायचा नाय, असा बोलायचा," ती म्हणाली. "तुमचा नाव घेऊन बोलायचा, तो येनार हाय बघाला."

पडद्यावर तीच तक्रार होती. तरी माझा हेका सुटेना. म्हटलं, त्याचाच प्रोग्राम चुकत असेल. तक्रारीत दाखवलेल्या दोन फाइलींपैकी एकीत मी माझं नाव टाइप केलं आणि दुसरी उघडली. तिथेही माझं नाव होतं.

"त्याचा बराबर होता का?" आईने विचारलं.

"हो, माई. चूक माझी होती."

"मंग हापिसात सगल्यांना सांगा."

ऑफिस केव्हाच बंद पडलंय, हसणारे कुठे कुठे पांगलेत. म्हणून इथे लिहितोय. त्या दिवशी संगणक मी बंद केला, हे मात्र माईला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. तिची नात तिला दर रविवारी पेपरची ही पुरवणी वाचून दाखवते.