बरणीतलं फूल

लग्न होऊन सोलापुरात आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी थापाडी ठरले. माझ्याही जिभेला हाड नाही. नळावरच्या रांगेत बायकांना माहेरच्या समुद्राच्या गोष्टी सांगत बसले. तिथे पाण्याचाच केलेला एक प्राणी असतो, वाळूवर पडला की उन्हाने विरतो आणि ओला डाग तेवढा उरतो. कातळातल्या डबक्यात मांसाचं फूल असतं. ते भरतीला उमलतं, ओहोटीला मिटतं आणि कोळंबी आली की पाकळ्यांनी धरून खातं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, सगळ्यांत मोठ्याने.

गोष्ट तेवढ्यावर थांबेना. दूध नासलं म्हटलं तरी थाप. एकदा तापाने अंग भाजत होतं, तर आत्याबाई म्हणाल्या, "ह्ये बी समुद्रातलंच का?" आणि भाकरी थापायला बसवलं. असला राग आला मला! बरी झाल्याबरोबर भावाला पत्र घातलं.

भाऊ आला तो लोणच्याची बरणी मांडीवर धरून, आधी आगबोटीतून, मग रेल्वेतून. विरणारा प्राणी वाटेतच संपला असता, म्हणून त्याने दगडाला चिकटलेलं फूल आणलं होतं, समुद्राच्या पाण्यासकट. पण फूल कसलं? मिटलेला लालसर गोळा. "उघडेल," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला.

माझा जीव खालीवर. झाकण काढ, झाकण ठेव. बरणीला ओलं फडकं गुंडाळ, ऊन सरकलं की बरणी सरकव. भाकऱ्या करपल्या, बोलणी खाल्ली. बरणीत भरती कुठून आणू? शेवटी चिडून बायकांना सांगितलं, संध्याकाळी या आणि बघा. मग पाण्याला गेले, तर रांग हलेना.

परतले तेव्हा आत्याबाई बरणीपुढे बसल्या होत्या, तोंडभर हसत.

"उगडलं की ग! म्या बोट लावलं तर धरलं त्यानं. पानी लई वास मारत हुतं, दिलं वतून. माज्या वाटचं ग्वाड पानी घातलंय. तान लागली आसंल त्याला."

दोन हंड्यांत घर दिवस काढत होतं. त्यातला स्वतःच्या पिण्याचा तांब्या त्यांनी त्याला दिला होता. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला गोडं पाणी सोसत नाही, हे मी तरी त्यांना कुठे सांगितलं होतं? ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. संध्याकाळपर्यंत फूल लिबलिबीत होऊन दगडावरून सुटलं.

बायका आल्या, बरणीत डोकावल्या. पुन्हा पदर तोंडाला गेले.

"हसू नगासा," आत्याबाई म्हणाल्या. "खरं हाय त्ये. माजं बोट धरलं त्यानं." आणि त्यांनी ते बोट वर करून दाखवलं.

"आता सासूबी थापा माराया लागली की!" एक जण म्हणाली, तशा सगळ्या खिदळल्या.

आत्याबाईंनी बोट खाली घेतलं नाही. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.