डाव्या हाताची पकड

बँकेचे गार्ड रविवारी गोळ्या कपाटात ठेवून आपली रायफल घरीच साफ करत. त्या रविवारी बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, बाहेर काढून पुसताना त्यांचा हात निसटला आणि त्याचा मागचा खटका स्प्रिंगच्या जोराने भलतीकडे फिरून बसला. असा बोल्ट रायफलीत परत जात नाही. खटका ओढून, फिरवून जागेवर आणावा लागतो. पलटणीत असताना हे काम ते गप्पा मारता मारता करायचे. आज टेबलाच्या कडेला अडकवून पाहिलं, तरी डाव्या हाताची पकड बसेना.

बायको भाजी चिरता चिरता बघत होती.

"मी धरू का?"

"तुझं काम नाही ते."

"तुमच्याच्यानं तरी कुठे होतंय?"

तिने फडक्यात गुंडाळून बोल्ट घट्ट धरला. त्यांनी खटक्याला बुटाची नाडी अडकवून उजव्या हाताने ओढली. "आता फिरव," ते म्हणाले. खटका टक्‌कन बसला आणि बोल्ट रायफलीत सरकन गेला.

मग तिने आपली बोटं त्यांच्या डाव्या हातात दिली. "दाबा बघू."

त्यांनी दाबली.

"एवढाच जोर?"

"हिवाळ्यापासून असंच आहे. साहेबांना सांगितलं तर बंदूक काढून घेतील."

"आणि खरंच वेळ आली असती तर?"

सोमवारी त्यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं. आता ते लॉकरच्या दाराशी बसतात. सुरुवातीला मोकळ्या खांद्याने चालताना त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.